दादा, तुला पुढच्या गेटने नेलं

दादा,

तू गेल्याचा फोन वहिनींनी मला केला नाही, दुकानाला केला. तोही हे दुकान आपलं आहे हे माहीत नसताना. सकाळची वेळ होती. केतकी शटर उघडून उदबत्ती लावत होती. फोन उचलला तर पलीकडून एक बाई हिंदीत विचारतेय, "अंतिम संस्कार का सामान और गाड़ी, दोनों मिल जाएँगे क्या?" केतकीने नेहमीचं विचारलं. कोण गेलं, घरी की दवाखान्यात, डॉक्टर येऊन गेले का, पत्ता काय. पत्ता ऐकून तिला शंका आली. मग नाव विचारलं.

"अरविंद भोईटे."

केतकी म्हणाली, "मामी, मी केतकी बोलतेय. नलूची मुलगी."

मग वहिनी मराठीत म्हणाल्या, "नलू वन्सं येतील का?"

वहिनींनी मोबाइलवर शोधलं आणि जे सर्वांत वर दिसलं तिथे फोन लावला. पाटीवर आपलं आडनाव असतं तर त्यांना निदान कळलं तरी असतं की आपण कुणाला फोन लावतोय. पण आडनाव तूच पुसायला लावलं होतंस. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा. नानांनी रंगारी बोलावला, तू समोर उभा राहिलास, आणि 'भोईटे' या तीन अक्षरांवर पांढरा रंग फिरला. बाप जिवंत असताना बापाचं नाव पुसून घेणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही. आणि दादा, या दुकानात बसून मी तऱ्हेतऱ्हेचे मुलगे पाहिलेत.

पेपरात तुझा फोटो आलाय. सूट घातलेला. खाली छापलंय, कर्तव्यदक्ष अधिकारी, मनमिळाऊ स्वभाव, मागे पत्नी, मुलगा, सून असा परिवार. बहिणीचा उल्लेख नाही. मजकूर बहुतेक तूच तयार करून ठेवला असशील. मी वाचला आणि तोच पेपर उभा फाडून त्यात कापूर बांधला.

आपले पणजोबा फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आले. आजोबांच्या वेळी फौज राहिली नाही, नुसता रुबाब राहिला. मग शहरात साथ आली, माणसं मरायला लागली, तिरडी बांधायलाही कुणी पुढे येईना, तेव्हा आजोबांनी बांबू आणि सुतळी घेतली. नाना ही गोष्ट छाती फुगवून सांगायचे. तू ती ऐकताना उठून जायचास. शाळेत पोरं तुला 'टिकठी' म्हणायची, म्हणजे इकडच्या बोलीत तिरडी. मलाही म्हणायची. मी एकाला धरून बडवलं. तू रस्ता बदललास. खासगी बाजारातून सरळ घरी यायचं सोडून जयेंद्रगंजाकडून वळसा घालून, मागच्या बोळातून यायला लागलास, म्हणजे कुणाला दिसू नये की हा मुलगा या दुकानात शिरतो. पुढे जन्मभर तू तेच केलंस. फक्त वळसा मोठा होत गेला.

तरी एका गोष्टीसाठी तुझे आभार मानते, आणि मनापासून मानते. मला दुकानात बसायचं होतं. नाना म्हणायचे, पोरीची जात, इथे बसायचं नाही, लोक काय म्हणतील. नानांना गुडघ्यांनी उभं राहू दिलं नाही तेव्हा त्यांनी तुला बसवायचं ठरवलं. तू दोनदा बसलास. दुसऱ्या वेळी एक माणूस आपल्या लहानग्या मुलासाठी कापड घ्यायला आला, आणि तू आत जाऊन ओकलास. मग नानांना म्हणालास, "नलूला बसू दे ना. तिला काही होत नाही. मेरे से नहीं होता ये सब." नानांनी नाइलाजाने मला बसवलं.

तू माझी वकिली केली नव्हतीस, स्वतःची सुटका केली होतीस. पण त्यात माझं आयुष्य मार्गी लागलं. रडणाऱ्या माणसाला खुर्ची कधी द्यायची आणि पाणी कधी, कुणाशी बोलायचं आणि कुणासमोर गप्प राहायचं, घरातला कोण माणूस धाय मोकलून रडत असला तरी निर्णय त्याच्याच हातात आहे, हे सगळं मी इथे शिकले. याच कामात मला नवरा भेटला, तो शववाहिनी चालवायला आला होता. तुझ्या पळपुटेपणाचं सगळं चांगलं फळ माझ्या वाट्याला आलं.

तुझ्या लग्नाचं मात्र आठवलं की मला अजून हसू येतं. वहिनींचं माहेर इंदूरचं, जुन्या दरबारी कामदारांचं घराणं. तू त्यांना सांगितलंस, "आमचा बांबू आणि कापडाचा व्यवसाय आहे." खोटं तू तेव्हा बोलायचा नाहीस, त्यापेक्षा हलकं काम करायचास. अर्धं बोलायचास. तिकडच्या एका काकांनी जेवताना नानांना विचारलं, "भोईटे, बांबू चांगला मिळतो का हो तुमच्याकडे? आम्हाला मुंजीच्या मांडवाला हवाय." नाना बिचारे भाबडे, म्हणाले, "पाठवून देऊ ना, कौनसी बड़ी बात है." आणि खरंच पाठवला. ट्रकमध्ये घालून, निवडून, सरळ सरळ बांबू. त्या बांबूंच्या मांडवात वहिनींच्या भाच्याची मुंज लागली. भटजींनी मंत्र म्हटले, बायकांनी अक्षता टाकल्या. तुला कळलं तेव्हा तू नानांवर ओरडलास, "अहो, तो अर्थीचा बांबू होता!" नाना शांतपणे म्हणाले, "अरे, बांबू अर्थीचा कसा असेल? अजून कुणी झोपलं नव्हतं त्यावर."

मी तोंडात पदर कोंबून हसत होते. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुला भर रस्त्यात उघडा पाडलाय.

नाना गेले तेव्हा तू गाडीतून आलास. नाकाला रुमाल होता. आपल्याच घरात, आपल्याच बापाजवळ उभं राहताना. तिरडी मी बांधली. नानांनी शिकवलेली गाठ मी नानांसाठी बांधत होते, आणि तू मागे उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होतास, "हो, घरी थोडा प्रॉब्लेम झालाय." थोडा प्रॉब्लेम! दिवस झाल्यावर तू मला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलंस, जिथे गोवऱ्या रचलेल्या असतात. बसला नाहीस. कपडे खराब होतील म्हणून.

"आता तरी बंद कर हे. नाना होते तोवर ठीक होतं."

"का बंद करू?"

"लोकांच्या मरणावर जगायचं, तुला काही वाटत नाही?"

"तुझं इंजिनियरिंग कशावर झालं, दादा?"

"तेच तर विसरायचंय," तू म्हणालास.

त्या दिवशी तू एवढंच खरं बोललास. मग गेलास, आणि ते भांडण तसंच त्या गोवऱ्यांमध्ये पडून राहिलं. तू सिटी सेंटरला मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेतलास, आणि मी तुझं दार कधी पाहिलं नाही. तुझ्या मुलाच्या, निखिलच्या लग्नाच्या वेळी तुझा फोन आला. मला वाटलं बोलावतोय. साडी काढून ठेवली होती मी. तू म्हणालास, "नलू, राग मानू नकोस. निखिलच्या सासरचे लोक या गोष्टी फार मानतात. शुभकार्यात... तू समझ रही है ना?" मी म्हटलं, समजले. समजायला त्यात होतं काय? ज्यांना आम्ही शुभकार्यात चालत नाही, त्यांच्याकडून फोन कधी येतो ते मला पाठ आहे. पाय धरतात तेव्हा. "भाभीजी, जल्दी आ जाइए." शहरातल्या किती खानदानी घरांत मी मागच्या दाराने गेले आणि त्यांच्या मालकाला पुढच्या दाराने बाहेर काढलं, याची तुला कल्पना नाही. तेच लोक दिवाळीत रस्त्यात दिसले तर मान वळवतात. त्यांची मला कीव येते. पण ते परके आहेत. तुझी कीव करायला मी तयार नव्हते.

मग या हिवाळ्यात तू दुकानात आलास.

छातीत मशीन बसवून झालं होतं हे मला कुणाकडून तरी कळलं होतं. तू दारात उभा राहिलास तेव्हा आधी मी ओळखलंच नाही. केस गेले होते, खांदे उतरले होते. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसलास. केतकी चहा आणायला उठली तर म्हणालास, "चहा नको." इथल्या चहाचीही तुला शिसारी.

"माझा एक मित्र आहे," तू सुरू केलंस. "त्याला सगळं आधी ठरवून ठेवायचंय. काय काय सांगून ठेवावं लागतं?"

मी तुला मित्र म्हणूनच उत्तरं दिली. असे मित्र इथे पुष्कळ येतात. मी नेहमी सांगते तेच सांगितलं. घरच्यांना एकत्र बसवून तोंडाने सांगा, नुसतं लिहून कपाटात ठेवू नका, कारण कपाट उघडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. लाकडावर की गॅसच्या दाहिनीत, ते सांगा. गुरुजी कोण, आणि मुळात हवेत का, तेही. डोळे द्यायचे असतील तर घरच्यांचं मन आधीच तयार करा. मुलगा परगावी असेल तर त्याची वाट पाहायची की नाही, हे तुम्हीच ठरवा, नाहीतर मागे राहिलेली बायको ते ओझं जन्मभर वाहते. अंगठ्या सैल असतानाच काढून ठेवा. आणि छातीत मशीन असेल तर ते चितेआधी डॉक्टरांकडून काढून घ्यावं लागतं, आगीत फुटतं, हे घरात एकाला तरी माहीत असू दे.

तू छातीवर हात नेलास. मित्र तिथेच संपला.

"नलू," तू म्हणालास, "माझं सगळं तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस."

खरं सांगू? इतक्या वर्षांत तू मला नावाने, अशा हळू आवाजात, हाक मारली नव्हतीस. मी तुझ्या जवळ यायला उठले होते. आणि तेवढ्यात तू पुढचं वाक्य बोललास.

"फक्त सोसायटीत कुणाला कळू देऊ नकोस की तू माझी बहीण आहेस. दुकानवाली म्हणून ये. मला तिथे एक इज्जत आहे."

मी तुला बाहेर काढलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, केतकी म्हणते शेजारचा भांड्यांचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला होता. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तुझी अर्थी दुसऱ्या कुणाकडून बांधून घे." तू कोट सारखा केलास आणि गल्लीच्या त्याच मागच्या बोळाने गेलास. मला त्या बोलण्याचा पश्चात्ताप नाही. आजही तू तसा आलास तर आजही मी तसंच बोलेन.

तरी मी आले. वहिनींनी बोलावलं म्हणून आले.

तुझी सोसायटी मला नवी नव्हती, हे तुला कधी कळलं नसेल. गेल्या वर्षी तिथल्या एका आजींना मी नेलं होतं. या वेळी मी गाडीतून खाली उतरले तर सेक्रेटरी साहेब समोर. ट्रॅकसूट, हातात फोन. "मैडम, दुकान से? सर्विस लिफ्ट उधर है." मी म्हटलं, "हाँ, दुकान से." तुझी इच्छा पाळायची म्हणून नाही. मला काम होतं, त्याच्याशी नातेवाईकपण सांगत बसायला वेळ नव्हता.

दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि त्याहून जास्त आश्चर्य होतं. "तुम्ही आलात?" त्या म्हणाल्या. मला वाटलं, एवढं आश्चर्य कशाचं? विचारायची ती वेळ नव्हती.

घरात तू कुणालाच काही सांगून ठेवलं नव्हतंस. काही म्हणजे काही नाही. शहाणा माणूस, माझ्यासमोर बसून सगळं ऐकून गेलास, आणि घरी जाऊन टीव्ही लावलास. मशीन काढावं लागतं हे वहिनींना माहीत नव्हतं. मी डॉक्टरांना परत बोलावलं. निखिल बंगळुरूहून विमानात होता, त्याची वाट पाहायची का, वहिनी मला विचारत होत्या, जशी काही तुझ्या मनातली मला खबर होती. मी सांगितलं, "पाहू या." बर्फाची पेटी मागवली.

तुझ्या अंगठ्या मी काढल्या. पुष्कराजाची बोटात रुतली होती. साबण लावून, हळूहळू फिरवत काढली. इतक्या वर्षांनी तुझा हात माझ्या हातात होता. तळव्यावर, अंगठ्याखाली, तो पांढरा डाग दिसला. लहानपणी बांबूचं कुसळ घुसलं होतं तिथे. नानांनी सुईने काढलं होतं आणि तू बोंबलत असताना मी तुझं डोकं मांडीवर धरलं होतं. एवढ्या साबणांनी, एवढ्या वळशांनी तू सगळं पुसलंस, आणि धंद्याची खूण तळहातावर घेऊन फिरलास! तिथे मात्र मी रडले. केतकीने माझ्या पाठीवर हात ठेवला, "आई, मी करूँ क्या?" मी म्हटलं, नको, होतंय.

निखिल दुपारी आला. लंबा झालाय, तुझ्यासारखीच मान कलती ठेवतो. त्याने मला वाकून नमस्कार केला. त्याने आणि केतकीच्या बाबांनी तुला आंघोळ घातली. तिरडी मी बांधली, पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधे. मग तुला खाली आणलं आणि मी पुढच्या गेटकडे वळायला सांगितलं.

सेक्रेटरी साहेब आडवे आले. "मैडम, बॉडी पीछे के गेट से जाएगी."

"क्यों?"

"रूल है सोसायटी का. बच्चे डर जाते हैं. किसी के घर शुभ काम होता है, अच्छा नहीं लगता."

मागचं गेट मला माहीत होतं. कचऱ्याचे डबे, जनरेटर आणि एक अरुंद लोखंडी दार. त्या आजींना तिथूनच नेलं होतं. तिरडी मावेना म्हणून त्यांच्या नातवाला ती तिरकी धरावी लागली होती, आणि तो पोरगा रडत रडत आजीची माफी मागत होता. तेव्हाच मी मनात त्या नियम करणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

"किसने बनाया ये रूल?" मी विचारलं.

सेक्रेटरींना ते सांगताना जरा बरं वाटलं, मला दिसलं. "भोईटे साहब ने ही बनवाया था. प्रेसिडेंट थे ना."

दादा, मला हसायला आलं. तुझ्या अंगावर हार, खांद्याला निखिल, वहिनी जिन्यात उभ्या, सगळी सोसायटी गॅलऱ्यांमधून बघतेय, आणि मी हसले. लोकांना वाटलं असेल बाईला वेड लागलं. तू आम्हाला पुसलंस, आमचं नाव पुसलंस, तरी पोट भरलं नाही. मग लोकांच्या आज्यांना कचऱ्याच्या दाराने काढलंस. ती शाळेतली पोरं काहीतरी ओरडतील म्हणून, साठी उलटल्यावरही!

"पुढून जाईल," मी म्हटलं.

"मैडम, आप दुकान से हैं, आपको क्या फ़र्क़ पड़ता है? फ़ैमिली को बोलने दीजिए."

"मैं ही फ़ैमिली हूँ," मी म्हटलं, आणि वरच्या गॅलऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "सगी बहन हूँ इनकी. नलिनी. खासगी बाज़ार में हमारी अर्थी के सामान की दुकान है, बाप-दादा के ज़माने से. आपके भोईटे साहब उसी दुकान में पले हैं. गेट खोलिए."

सेक्रेटरी निखिलकडे बघायला लागले. मीही बघितलं. त्या क्षणी तो तुझा मुलगा आहे की नानांचा नातू, ते मला माहीत नव्हतं. त्याने खांद्यावरचा बांबू जरा सारखा केला.

"अंकल, सामने से ही जाएँगे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "चल आत्या."

वॉचमनने गेट उघडलं. सबंध, दोन्ही फाटकं. तुला मी पुढून नेलं, पण तुझ्यासाठी नेलं नाही, हे नीट ऐकून ठेव. त्या इमारतीत यापुढे जे मरतील त्यांच्यासाठी नेलं. एकदा एक तिरडी तिथून गेली की दुसरीला अडवायला तोंड राहत नाही.

मुक्तिधामात निखिलने सगळं नीट केलं. मी सांगत गेले, तो करत गेला. पेटल्यावर लोक पांगले, तुझे ऑफिसवाले लांब उभे राहून घड्याळं बघत होते. मी जवळ थांबले. वाऱ्याने धूर आमच्याकडे आला तर निखिल मागे सरला नाही, हे तुला सांगावंसं वाटलं.

परत आल्यावर आंघोळी झाल्या. तुमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी कड़वी रोटी, म्हणजे मरणाच्या घरी शेजाऱ्यांनी द्यायचं जेवण, पाठवली होती, पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी. मी निघायला लागले तशी वहिनींनी माझा हात धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. "वन्सं, दोन घास खाऊन जा," म्हणाल्या. आम्ही दोघीच ओट्याजवळ खाली बसलो. त्यांच्याशी माझं तिसरं की चौथं बोलणं असेल हे, लग्नापासून.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला माझा एवढा राग का होता?"

"कुणाला? मला?"

"तुम्हीच संबंध तोडलेत ना. हे म्हणायचे, नलूला तुझ्या माहेरचा तोरा आवडत नाही, ती आपल्या घराची पायरी चढणार नाही. निखिलच्या लग्नाला मी किती म्हटलं, मी स्वतः जाऊन बोलावते. तर म्हणाले, फोन केला होता, तिने साफ नाही म्हटलं."

माझ्या हातातली पुरी हातातच राहिली. मी त्यांना तो फोन जसा झाला तसा सांगितला. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"आणि भाऊबीज?" त्यांनी विचारलं.

"कसली भाऊबीज?"

"दर वर्षी मी तुमच्यासाठी साडी आणायची. हे घेऊन जायचे. परत येऊन सांगायचे, साडी ठेवून घेतली, पण दोन शब्द बोलली नाही."

दादा, तू कधीही आला नाहीस. एकाही भाऊबीजेला. त्या साड्या तू कुणाला दिल्यास, देव जाणे. माझ्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं आणि अजून हटत नाही. नवा कुर्ता घालून, शेजारच्या सीटवर साडी ठेवून, तू फुलबागेच्या बाजूला कुठेतरी गाडीत बसलायस, काच वर करून, घरी परत जाण्याइतका वेळ होईपर्यंत. खासगी बाजार तिथून किती लांब होता? ओवाळायला बहीण दारात होती, निरांजन होतं. एवढं नाटक करण्यापेक्षा येणं सोपं होतं रे. दुकानवाली म्हणून तू मला हिणवलंस ते मी सहन केलं असतं. पण माझ्या नावाने मला न विचारता तू माझंच भांडण लावलंस, तेही अशा बाईशी, जी माझ्यासाठी दर वर्षी साड्या निवडत होती. याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

वहिनी रडत होत्या, मग रडता रडता चिडल्या. "भित्रा माणूस होता," त्या म्हणाल्या. "मला आयुष्यभर वाटायचं, किती शांत आहेत. शांत नव्हते, नुसते भित्रे होते. बायकोला भ्यायचे, शेजाऱ्यांना भ्यायचे. माझी जन्माची फसवणूक केली या माणसाने. अशा माणसाला ना, मागच्या दाराने काढायला हवं होतं. तेच त्याच्या लायकीचं होतं."

त्यांचा शब्दन् शब्द खरा होता. त्यातला एकही असा नाही जो मी वर तुला लिहिलेला नाही. पण माझ्या अंगाला आग लागली. मी ताट बाजूला सारलं.

"वहिनी," मी म्हटलं, "असं बोलायचं नाही. माझा भाऊ होता तो."

मग त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली, आणि आम्ही खाली मान घालून जेवलो.